छपरं बघणाऱ्या ताई

"टाकी नंतर. आधी छप्पर दाखवा."

कुणाच्याही दारात पाय ठेवला की ताई हेच म्हणायच्या. घरमालक बिचारा टाकीचं झाकण उघडायला निघालेला असायचा. पावसाचं पाणी साठवणाऱ्या माणसाला आपल्या टाकीचं फार कौतुक असतं, पाहुण्यांना नवी गाडी दाखवावी तशी तो ती दाखवतो. ताई त्याला अर्ध्या वाटेत थांबवायच्या, पदर खोचायच्या, चपला शिडीच्या पायाशी नीट जोडून ठेवायच्या आणि चढायला लागायच्या. वय त्रेसष्ट. खाली उभ्या असलेल्या सगळ्यांचा जीव टांगणीला लागायचा. वर गेल्यावर त्या पन्हळीतून एक बोट फिरवायच्या आणि उतरून ते बोट घरमालकाच्या नाकासमोर धरायच्या. बोलायच्या काहीच नाहीत. बोटाला काय लागलंय ते ज्याचं त्याने बघायचं.

तुम्ही नाशिकचे असाल आणि सहा-सात वर्षांपूर्वी तुमच्याही गच्चीवर सुती साडीतली एक बाई क्रिकेटची पांढरी टोपी घालून चढली असेल, तर त्या याच. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, खांद्याला रेशनची म्हणावी इतकी मोठी पिशवी आणि पिशवीत बाटल्यांची किणकिण. त्या गेल्यावर तुम्ही घरात म्हणाला असाल की कोण ही बाई, आपल्याच घरात येऊन आपल्यालाच बोट दाखवून गेली. बहुतेक घरांत हेच म्हणायचे. पण दुसऱ्या दिवशी पन्हळ साफ झालेली असायची.

आम्ही दोघं एका लहानशा संस्थेत होतो. छपरावरचं पाणी साठवणारी घरं शोधायची, त्यांचं पाणी तपासायचं आणि कुठलं पाणी कसं आहे ते नकाशावर मांडायचं, एवढंच आमचं काम. पाणी ताई तपासायच्या, नकाशा मी करायचो. त्या एका सरकारी प्रयोगशाळेतून निवृत्त झालेल्या. संस्थांमध्ये सगळ्या बायकांना ताई म्हणायची पद्धत असते, मग त्या आजी झालेल्या का असेनात. मी सव्वीस वर्षांचा, पुण्याहून नकाशांचं शिक्षण घेऊन आलेला, आणि आपण खुर्चीत बसून अख्खा जिल्हा बघू शकतो या कल्पनेने थोडा फुगलेला. ताईंनी माझं आडनाव पहिल्याच आठवड्यात बदलून टाकलं. मला त्या नकाशेकर म्हणायच्या, आणि मुद्दाम अहो लावून. "अहो नकाशेकर, जरा उपग्रहावरून खाली उतरा, चहा आलाय."

माझी पद्धत सोपी होती. उपग्रहाच्या चित्रावरून छपरं ओळखायची. पत्रा आहे, कौलं आहेत की स्लॅब. झाड किती जवळ आहे, रस्ता किती लांब, आसपास वीटभट्टी किंवा कारखाना आहे का. यावरून कुठलं पाणी चांगलं असेल याचा अंदाज बांधायचा, आणि तो अंदाज ताईंच्या तपासणीशी ताडून बघायचा. घरागणिक एक ठिपका. पाणी पिण्यासारखं असेल तर हिरवा, शंका असेल तर पिवळा, पिऊ नये असं असेल तर लाल. ताईंच्या तपासणीतली मुख्य गोष्ट म्हणजे एक छोटी औषध घातलेली बाटली. तिच्यात पाणी भरून दोन दिवस ठेवायचं. काळं पडलं तर ते पाणी पोटात जाऊ द्यायचं नाही. ताईंच्या टेबलावर अशा बाटल्यांची रांग असायची आणि सकाळी आल्या आल्या त्या चष्मा लावून एकेकीची चौकशी करायच्या.

नकाशाच्या जागी त्यांच्याकडे एक वही होती. वहीत पत्ते नसायचे. एका पानावर एक घर, पेनने काढलेलं. उतार कुठल्या बाजूला, पन्हळ कुठे, वर कशाची फांदी येते, मांजर कुठे झोपतं. आणि खाली एखादी ओळ, 'धाकटी सून झाडते, थोरली झाडत नाही.' मी हसायचो. ही माहिती नकाशात कुठल्या रकान्यात घालायची, असं विचारायचो. त्या म्हणायच्या, रकाना नसेल तर करा, तुमच्याच हातात आहे.

गंगापूर रोडवरच्या एका सोसायटीत आम्ही गेलो होतो. सेक्रेटरी साहेबांनी पाण्याला भारीतलं फिल्टर बसवलं होतं आणि लिफ्टमध्ये लावायला त्यांना आमच्याकडून एक प्रमाणपत्र हवं होतं. चहा, बिस्किटं, सगळी सरबराई. ताई गच्चीवर जाऊन आल्या आणि त्यांनी फक्त एवढंच विचारलं, की वर कबुतरांना दाणे कोण टाकतं? सेक्रेटरींचा चेहरा उतरला. स्वयंपाकघराकडे बघत हळूच म्हणाले, आमच्या हिचा रोजचा नेम आहे. ताईंनी चहा संपवला आणि सांगितलं की दोघांनी बसून एकदा काय ते ठरवा, कबुतरं तरी सांभाळा नाही तर पाणी तरी प्या. प्रमाणपत्र काही त्या लिफ्टमध्ये लागलं नाही.

दिंडोरीकडे मात्र माझी फजिती झाली. द्राक्षबागेच्या कडेला नवाकोरा बंगला, स्वच्छ पत्रा, जवळ झाड नाही, धुरळा नाही. मी ऑफिसात बसून तिथे हिरवा ठिपका देऊन मोकळा झालो होतो. ताईंनी पत्र्यावरून बोट फिरवलं तर ते निळसर. बागेवर निळं औषध मारतात, ते वाऱ्याने येऊन सगळं छपरावर बसलेलं. घरातली बाई म्हणाली, वाळत घातलेल्या कपड्यांवरसुद्धा डाग पडतात. ताई माझ्याकडे वळून म्हणाल्या, तुमच्या उपग्रहाला कपडे वाळत घालायची सवय नसेल. त्या दिवशी माझ्या फॉर्ममध्ये एक रकाना वाढला, 'शेजारी काय फवारतात'. चांदवडला गेल्यावर कांदाचाळीच्या पन्हळीत कांद्याची सालपटं अडकलेली बघून आणखी एक वाढला. असे रकाने वाढता वाढता माझा फॉर्म त्यांच्या वहीच्या जवळ जाऊ लागला होता, आणि ते मला तेव्हा कमीपणाचं वाटायचं. आज मी करतो त्या कामात थोडंफार शहाणपण असेल तर ते त्या रकान्यांमधून आलेलं आहे.

ताई पंचवटीत एका इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन नागपूरला. भाड्याचं घर, आणि मालक गच्चीवर साधं पिंपसुद्धा ठेवू देत नव्हता. एकदा परतीच्या वाटेवर त्या सहज म्हणाल्या, "नाशिकभर लोकांची छपरं तपासते, पण डोक्यावर आहे ते काही माझं नाही." मी काहीतरी गमतीचं बोलून विषय बदलला. तेव्हा मला वाटायचं की म्हाताऱ्या माणसांना असं काही सांगायचं असलं की विषय बदलणं हीच दया. आता वाटतं, गाडी बाजूला घ्यायला सांगून त्यांना अजून दहा मिनिटं बोलू द्यायला हवं होतं.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो. इतका वेळ मी तेच लांबवत होतो.

पेठ रस्त्याने पुढे जाऊन डोंगरात आत एक पाडा आहे. पाऊस इतका की जुलैमध्ये घरातून बाहेर पडता येत नाही, आणि मार्चमध्ये हातपंप कोरडा. संस्थेने तिथे बारा घरांना टाक्या बांधून दिल्या होत्या. त्यातलं सगळ्यात वरचं, टेकाडावरचं घर यमुनाबाईंचं. त्या शाळेतली खिचडी शिजवायच्या. हातपंप आटला की शाळेच्या खिचडीला पाणी लागायचं ते यमुनाबाईंच्या टाकीतून. त्यासाठी त्यांनी टाकीला कुलूप लावलं होतं. घरच्यांसाठी त्या खालच्या ओढ्यातल्या झिऱ्यावरून हंडे आणायच्या, आणि टाकीतलं पाणी पोरांसाठी राखून ठेवायच्या. घरातल्या कुणाला त्यातला तांब्याभर मिळायचा नाही.

पाण्याची तपासणी ताईंनी पाड्यातल्याच दोन मुलींना शिकवली होती. त्यांनी बारा घरी बाटल्या ठेवल्या, दोन दिवसांनी घरोघर जाऊन बघितल्या, मोबाइलवर फॉर्म भरले आणि पाठवले. माझ्याकडे नकाशा तयार झाला. यमुनाबाईंच्या घरावर लाल ठिपका. बाकीच्या घरांवर काहीच नाही. मुलींनी काम अर्धवट टाकलं असणार, असं मी मनाशी ठरवून टाकलं. मग मला हौस आली. मी त्या नकाशाचा मोठा फ्लेक्स करून घेतला आणि तो ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावायला पाठवला. लोकांना आपलं पाणी कळलं पाहिजे, असं मोठं वाक्यही त्याच्यावर टाकलं.

चार दिवसांत खिचडी बंद पडली. आयांनी पोरांना सांगितलं, शाळेत जेवायचं नाही. शाळेच्या समितीने ठरवलं की सोमवारपासून दुसरी बाई बघायची. इतकी वर्षं पोरांना वाईट पाणी पाजलं, असं लोक यमुनाबाईंना तोंडावर बोलायला लागले.

शुक्रवारी यमुनाबाई स्वतः एसटीने नाशिकला आमच्या ऑफिसात आल्या. एकट्या. पिशवीतून त्यांनी फडक्यात गुंडाळलेली पाण्याची बाटली काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली.

"बघा," त्या म्हणाल्या. "म्या पोरान्ला काय पाजलं ते बघा."

मी त्यांना समजावून सांगायला लागलो. आजचं पाणी वेगळं, त्या दिवशीचं वेगळं, तपासणी शास्त्रीय आहे. आणि वर म्हणालो, "नकाशा खोटं बोलत नाही, बाई." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. ताईंनी येऊन बाटली उचलली, यमुनाबाईंना आपल्या खुर्चीत बसवलं आणि त्यांच्यासाठी पोहे मागवले. वही काढून यमुनाबाईंच्या घराचं पान बघितलं. मग मला म्हणाल्या की हे छप्पर मी स्वतः पुसून बघितलंय, या छपराखाली लाल पाणी होऊच शकत नाही. मी खांदे उडवले.

ते पाणी औषधाच्या बाटलीत भरून दोन दिवस ताईंच्या टेबलावर होतं. रविवारी सुट्टी असून त्या बघायला आल्या. पाणी नितळ होतं. सोमवारी सकाळी आम्ही जीपने निघालो. वाटभर त्या वहीतलं ते पान उघडून बसल्या होत्या.

पाड्यावर पोचलो तर यमुनाबाईंच्या ओट्यावर पाच-सहा माणसं उभी. प्रत्येकाच्या हातात मोबाइल, हात वर केलेले. मला वाटलं भांडायला आलेत. पण ती माणसं शांतपणे आपापले मेसेज पाठवत होती. अख्ख्या पाड्यात रेंज येते ती फक्त या ओट्यावर. ज्याला कुणाला फोन करायचा असेल तो इथे चढून येतो, यमुनाबाई त्याला चटई टाकून देतात. ताईंनी त्या दोन मुलींना बोलावलं आणि विचारलं, फॉर्म कुठून पाठवले? मुली म्हणाल्या, भरले ज्याच्या त्याच्या घरी, पन पाठवले हितूनच, दुसरीकडं जातच नाय ना.

फॉर्म पाठवायचं बटण दाबलं की जागेची नोंद होते, असं मी ठेवलं होतं. घरी फॉर्म भरताना नाही, पाठवताना. नाशिकच्या ऑफिसात बसून मी तो फॉर्म दहा वेळा तपासला होता, पण तिथे भरायची जागा आणि पाठवायची जागा एकच, माझी खुर्ची. बारा घरांचे बारा ठिपके यमुनाबाईंच्या ओट्यावर एकावर एक बसले होते. शेवटी पाठवलेला सगळ्यात वर दिसत होता, आणि तो होता लाल. खाली अकरा हिरवे झाकले गेले होते. त्यात यमुनाबाईंचाही होता. तो लाल ठिपका कुणाचा ते ताईंनी मुलींकडून काढून घेतलं, त्या घरी जाऊन छपरावरची आंब्याची फांदी तोडायला लावली, टाकी घासून घेतली, आणि त्या घराचं नाव पुढे कुणाजवळही काढलं नाही.

दुपारी शाळेच्या व्हरांड्यात समिती बसली. निम्मा पाडा जमला होता. यमुनाबाई खांबाला टेकून उभ्या होत्या. मी पोरांच्या बुटक्या बाकावर, मांडीवर लॅपटॉप. काय बोलायचं ते जुळवत होतो. तेवढ्यात ताई उभ्या राहिल्या.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "मोबाइलमध्ये जागा कशी नोंदवायची ते मलाच जमलं नाही, मुलींनाही मी चुकीचं शिकवलं. यमुनाबाईंचं पाणी चांगलं आहे. दोन दिवस माझ्या टेबलावर ठेवून मी ते बघितलंय, आणि लिहून द्यायला तयार आहे."

समितीतला एक जण म्हणाला की म्हाताऱ्या मानसाच्या हातात मोबाइल दिला की आसंच व्हायचं. सगळे हसले. ताईसुद्धा हसल्या. त्या हसण्यात वातावरण सैल झालं, फ्लेक्स काढायचं ठरलं, दुसऱ्या दिवशीपासून खिचडी यमुनाबाईंनीच शिजवायची हेही ठरलं. मी मूग गिळून बसलो होतो. उठून दोन वाक्यं बोलायला किती वेळ लागतो? मी तेवढाही उठलो नाही.

परतताना जीपमध्ये मी सुरुवात केली, "ताई, ते सेटिंग मी..."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांनी मला अरे-तुरे केलं. "तुझा नकाशा नवा आहे. आज त्याच्यावरून विश्वास उडाला असता, तर उद्या खरा लाल ठिपकासुद्धा कुणी मानला नसता. मला हसले तर हसले."

थोडं अंतर गेल्यावर त्या पुन्हा म्हणाल्या, "पण त्या बाईला तू सांगायचंस. तुझ्या तोंडाने. ती बाटली घेऊन आली तेव्हा तिला खोटं तू पाडलंस, मी नाही."

मी म्हणालो, पुढच्या खेपेला नक्की.

पुढची खेप झालीच नाही. वर्षअखेरीचा अहवाल लिहायचं काम माझ्याकडे होतं. त्या पाड्याच्या प्रकरणाबद्दल मी लिहिलं, 'क्षेत्रीय कर्मचाऱ्याकडून जागेची नोंद चुकीची झाली.' वाक्य कसं सभ्य आहे बघा. कर्मचारी कोण, हे सगळ्यांनी आपापलं ओळखलं. नव्या वर्षी संस्थेने ठरवलं की आता टॅब वापरणारी तरुण मुलं घ्यायची. ताईंना शाल आणि नारळ दिला, दोन-तीन जणांनी भाषणं केली. मीही केलं. ताईंनी आभार मानले आणि आपल्या उरलेल्या रिकाम्या बाटल्या मोजून कपाटात ठेवून दिल्या. वही पिशवीत घातली. ती वही आपल्याला मिळावी असं मला फार वाटत होतं. मागायला तोंड नव्हतं.

त्या नागपूरला मुलीकडे गेल्या. मी संस्था सोडून सातपूरला एका कंपनीत लागलो. तिथे रस्त्यांचे नकाशे होतात, पाण्याशी संबंध नाही. दर वर्षी मे महिन्यात, पावसाच्या आधी, ताईंचा फोन यायचा. तब्येत विचारून झाली की एकच प्रश्न, "जाऊन आलास?" पहिल्या वर्षी मी रजा नाही म्हणालो. दुसऱ्या वर्षी घाटाचं काम चालू आहे म्हणालो. त्या म्हणायच्या, बरं, जाशील तेव्हा जा. रागावल्या कधीच नाहीत, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. तिसऱ्या वर्षी फोन वाजला तेव्हा मी तो हातात धरून वाजू दिला. चौथ्या वर्षीही तेच केलं. मग मे महिना जवळ आला की मला नकोसं व्हायचं, आणि फोन येऊन गेला की दोन दिवस जेवण जायचं नाही.

आणि तरी सांगतो, मला त्यांची सतत आठवण यायची. उड्डाणपुलावरून जाताना खाली छपरंच छपरं दिसतात. कुठे पन्हळीत वडाची रोपटी उगवलेली, कुठे गच्चीवर कबुतरं. ताई असत्या तर काय म्हणाल्या असत्या ते मला ऐकू यायचं, अहो नकाशेकर या हाकेसकट. तसं मला परत कुणी हाक मारली नाही. बायकोला मी त्यांच्या इतक्या गोष्टी सांगितल्या, की ती एकदा म्हणाली, एवढी आठवण येते तर फोन का नाही करत? मी तिला काय सांगणार?

यंदा चैत्रात संस्थेच्या जुन्या ग्रुपवर त्यांचा फोटो आला, हार घातलेला. खाली सगळ्यांनी हात जोडलेले. आजारी होत्या हेही मला माहीत नव्हतं. मीही हात जोडले, आणि फोन उशाखाली ठेवून दिला.

मे महिना आला. फोन येणार नव्हता. मी रजा टाकली आणि पहाटेच्या एसटीने निघालो.

यमुनाबाईंनी मला लांबूनच ओळखलं. केस पिकलेत, बाकी तशाच. टाकीला नवा चुना लावलेला, कुलूप जागेवर. खिचडी अजून त्याच शिजवतात. चटई टाकली, पाणी दिलं, पोरंबाळं विचारली. मी ठरवूनच आलो होतो, बसल्या बसल्या सांगून टाकलं. तो लाल ठिपका माझ्या चुकीने पडला होता. ताईंचा त्यात काही दोष नव्हता. तुम्ही बाटली घेऊन आलात तेव्हा मी तुम्हाला जे बोललो ते चुकीचं बोललो.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चेहऱ्यावर आश्चर्य काही दिसलं नाही.

"मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "ताईंनी त्याच दिशी सांगितलं. जाताना आत आल्या, चुलीपाशी बसल्या. म्हनल्या, चूक त्या पोराची हाय, पन त्याचं त्याला सांगू द्या. मानूस वाईट नाय, येईल तो."

मी तांब्यातलं उरलेलं पाणी पिऊन टाकलं.

"दर साली पावसाच्या आदी फोन यायचा त्यांचा," यमुनाबाई सांगत होत्या. "आला का तो, म्हनून इचारायच्या. म्या म्हनायची, नाय आला. मंग म्हनायच्या, येईल."

म्हणजे मला फोन करून झाला की त्या इथे करत असणार. मी सबबी सांगायचो तेव्हाही, आणि मी फोन वाजू द्यायचो तेव्हाही. दोन्हीकडे विचारून, दोन्हीकडून नाही ऐकून, इथे मात्र येईल असंच सांगत राहिल्या.

"औंदा काय फोन नाय आला अजून," यमुनाबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा खुलला होता. "बरं झालं. औंदा आपनच लावू. लावा त्यांना, आन् तुमीच सांगा, आलो म्हनून."

मी खिशातून फोन काढला. ताईंचा नंबर अजून त्यात होता. यमुनाबाईंना सांगायची आणखी एक गोष्ट राहिली होती, आणि तीही मलाच सांगायची होती. त्या ओल्या हातांना पदर लावत माझ्याजवळ येऊन बसल्या, ताईंचा आवाज आपल्यालाही ऐकू यावा म्हणून.